दादाच्या गिरणीची चुंबकं: काळजी नसावी

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, गरम कपडे भरपूर आहेत.

बाबा, "चुंबकं विमानात नेताना पकडतील का," असं तुम्ही फोनवर तीनदा विचारलंत. नाही पकडणार. चुंबक नेणं हा गुन्हा नाही, फक्त ते नीट बांधायला हवं. वैमानिकासमोर एक साधं चुंबकी होकायंत्रही असतं. बाकीची उपकरणं बंद पडली तर दिशा त्याच्यावरूनच कळते, म्हणून हा नियम. बांधलेल्या पुडक्यापासून २.१ मीटरवर सुई २ अंशांहून जास्त वळली, तर तो माल धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात जातो. त्याच्या आत असेल तर ते साधं सामान. तरी विमान कंपनीला मी आधी विचारून ठेवणारच आहे.

दादाच्या गिरणीत ज्वारीतले खिळे अडवायला निओडायमियमच्या, म्हणजे खूप जोरदार चुंबकाच्या, सहा पट्ट्या घेतल्या आहेत, ४० बाय २० बाय १० मिलिमीटरच्या, एकेक साधारण ६० ग्रॅमची. एक सुटी पट्टी नियमात बसते. चुकतं ते रचण्यात. पट्ट्या एकावर एक चिकटवल्या की गठ्ठा नीट झाला असं वाटतं, पण तशाने सगळ्यांचा जोर एकाच दिशेने मिळतो आणि सहा मिळून मर्यादेबाहेर जातात. त्या कडेला कड लावून मांडायच्या, एकीचं उत्तर टोक वर तर शेजारणीचं खाली. अशा त्या आपणहून ओढल्या जातात आणि एकमेकींचा जोर मारतात. मग वर-खाली ३ मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा पातळ, त्यात सगळा जोर मावत नाही. पट्टी आणि पत्र्याच्या मध्ये लाकडाची चीप ठेवणार आहे, नाहीतर दादाला त्या सुटणार नाहीत. काढताना ओढायचं नाही, सरकवायचं. दोन पट्ट्या आपटल्या तर काचेसारखा टवका उडतो, आणि मध्ये बोट सापडलं तर चेंगरतं.

पुडकं बांधून झालं की लाकडी टेबलावर होकायंत्र ठेवून २.१ मीटरवरून सगळ्या बाजूंनी फिरवून बघेन. जवळ लोखंडी कपाट नको. होकायंत्राला पट्टी टेकवायची नाही, सुईच उलटी होऊन बसते. पुडकं चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध. अंतर दुप्पट झालं की जोर आठपटीने घटतो, म्हणून चारी बाजूंनी कपडे. क्ष-किरणाने चुंबकाचं काही बिघडत नाही, पण पडद्यावर काळा ठोकळा दिसतो आणि बॅग उघडायला लावतात. म्हणून बिल आणि वर्णनाचा कागद वरच ठेवते.

पत्रा कापायचं काम शनिवारीच उरकावं लागेल. आई, इथे रविवारी ठोकाठोक चालत नाही. ड्रिल नाही, हातोडा नाही. रिकाम्या बाटल्यासुद्धा रस्त्यावरच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण काच फुटल्याचा आवाज होतो. त्या पेट्यांत पांढरी काच वेगळी, तपकिरी वेगळी, हिरवी वेगळी, आणि निळी बाटली असेल तर ती हिरव्यात. सोमवार ते शनिवारच, तेही ठरलेल्या वेळेत. दुकानंही बंद. आपल्याकडे रविवार म्हणजे किती गडबड असते! इथे नळ सोडला तरी ऐकू येईल, इतकी शांतता. सवय झाली आहे मला, खरंच.

दादा, पट्ट्या धान्य ओतायच्या हॉपरच्या उतारावर, स्टेनलेसच्या पातळ पत्र्याखाली बसव. ज्वारी पातळ थराने सरकली पाहिजे, जाड थरातला वरचा खिळा खाली ओढला जात नाही. गरम पीठ पडतं तिथे लावू नकोस. साधी निओडायमियम ८० अंशांच्या वर जोर गमावतात, शिवाय तोवर खिळा दगडातून गेलेला असतो. पट्टीला भोक पाडायचं नाही, तिचा भुगा पेट घेतो. रोज संध्याकाळी पत्रा कापडाने पूस. मळणीतली तार आणि खिळे अडतील, खडे अडणार नाहीत, तेव्हा चाळणी काढू नकोस. आत्याला पेसमेकर आहे, तिला पट्ट्यांपासून हातभर लांब ठेव. चिनूच्या हाती तर एकही लागू देऊ नकोस, तिचे दोन टवके गिळले गेले तर आतड्याला आतूनच चिमटा बसतो.

पैसे परवा पाठवले. त्यातले आईच्या मोतीबिंदूचे वेगळे काढा, मोटारीच्या हप्त्यात घालू नका. बाबा, मी पोटाला चिमटा काढून पाठवत नाही. अक्कलकोट रोडच्या स्थळाचा फोटो पाहिला. माणूस चांगला वाटतो. आल्यावर भेटेन, पण तोवर होकार कळवू नका. आणि "पोरगी टाळतेय" असंही म्हणू नका.

गड्ड्याच्या जत्रेला यंदाही पोचत नाही. फेब्रुवारीत मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने येईन. स्टेशनवर दादा एकटा आला तरी चालेल.

तुमची,
मनू

ता. क. आई, ऑपरेशन माझ्यासाठी थांबवू नकोस. मी असायला हवी होते, हे मला कळतं.