पाळक होणाऱ्या मुलांना आधी आमच्या ओसरीवर बसू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी बेळगावच्या कॅम्प भागात राहते. 31 वर्षे स्टाफ नर्स म्हणून नोकरी केली, त्यातली निम्मी मेडिकल वॉर्डात. आमचे घर ख्रिस्ती, मेथडिस्ट मंडळीचे (म्हणजे चर्चचे). पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होण्यासाठी सेमिनरीत शिकणाऱ्या मुलांना आपल्या सीमाभागात पाठवताना काय शिकवून पाठवावे, याबद्दल हे पत्र आहे. हा प्रश्न एकट्या चर्चला सुटणारा नाही. आपल्या वाचकांचीही त्यात गरज आहे, ती कशी ते पुढे सांगते.

चार वर्षांपूर्वी आषाढात माझे यजमान गेले. दफनविधी उरकून घरी आलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. चूल पेटलेली नव्हती. शेजारच्या वहिनी, आमचा तीस वर्षांचा शेजार, भात आणि आमटी घेऊन आल्या. आमटीचे पातेले चटके देत होते म्हणून पदरात धरलेले. त्याच वेळी नव्याने नेमलेल्या तरुण पाळकांनी प्रार्थना सुरू केली. प्रार्थनेनंतर त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि पुनरुत्थानावर बोलू लागले. वीस मिनिटे बोलले. त्यातले एकही वाक्य चुकीचे नव्हते. पण माझे लक्ष दाराकडे होते. वहिनी उंबऱ्याबाहेर उभ्या राहून पातेले या हातातून त्या हातात घेत होत्या. आत यावे की थांबावे, त्यांना कळेना. माझी धाकटी जाऊ बैलहोंगलची. दीर तिकडेच शिक्षक होते, त्यामुळे त्यांचे सगळे घर कन्नड. 'पुनरुत्थान' हा एक शब्द तिला तिच्या सत्यवेदातून, म्हणजे कन्नड बायबलमधून, ओळखीचा, बाकीचे सगळे डोक्यावरून गेले. शेवटी पाळक उठले आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "येतो हं, परत येतो."

बायका एकदम गप्प झाल्या. दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, मुकाट्याने उठून जातात, हे आपल्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असते. आणि आजाऱ्याच्या उशापासून उठताना 'जातो' म्हणत नाहीत, तिथे 'येतो'च म्हणायचे.

त्या तरुण माणसाला मी तेव्हाही दोष दिला नाही, आजही देत नाही. त्यांनी ग्रीक शिकले होते, हिब्रू शिकले होते, प्रवचन कसे बांधावे ते शिकले होते. उंबऱ्यावर पातेले घेऊन कोणी उभे असेल तर आधी ते उतरवून घ्यावे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्यांचा स्वभाव मायेचा होता, म्हणून तर मला जास्त वाईट वाटले.

त्यानंतर मी आमच्या मंडळीच्या वडीलधाऱ्यांना सांगितले, की सुट्टीत अनुभव घ्यायला जी सेमिनरीची मुले येतात त्यांना माझ्या घरी राहू द्या. तीन उन्हाळे झाले. पुण्याहून आली, बंगळूरहून आली. कोणी तेलंगणाचा, कोणी नागालँडचा, एक मिझोरामचा, एक आपल्याच गोकाकचा. गोकाकच्या मुलाला वाटत होते, आपण तर इथलेच, आपल्याला काय शिकायचे! त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता, आणि खानापूरकडच्या घरात पाऊल टाकताना तो मिझोरामच्या मुलाइतकाच परका होता.

त्या मिझो मुलाबद्दल सविस्तर लिहायला हवे. त्याच्या भाषेत एकच अक्षर वेगळ्या सुरात म्हटले की अर्थ बदलतो, त्यामुळे त्याचा कान फार तयार. दहा दिवसांत तो मराठी आजीला "जेवलासा काय?" आणि कन्नड आजीला "ऊटा आत रि?" असे विचारायला लागला, तेही आपल्या हेलात. मी निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोनदा वॉर्डात जाते, त्याला बरोबर घेऊन गेले. जांबोटीकडचा एक म्हातारा दम्याने आत होता. आमच्या मंडळीतला नव्हे, उशाशी माउलीचा अंगारा ठेवलेला. मी मुलाला बजावले होते, की रुग्णाने स्वतः मागितल्याशिवाय प्रार्थना करायची नाही. उभ्याने बोलायचे नाही, स्टूल ओढून बसायचे आणि डोळे म्हाताऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीला आणायचे. बसला. घरी आल्यावर सगळे बोलणे जसेच्या तसे वहीत लिहायला लावले. अकरा ओळी झाल्या. त्यातल्या आठ त्याच्या स्वतःच्या! म्हातारा म्हणाला होता, "म्हशीची धार कोण काढत असंल देव जाणे." आणि आमच्या मुलाने उत्तर दिले होते, "देव सगळ्यांची काळजी घेतो." मी त्या उत्तराखाली लाल पेनने रेघ मारली. तो बराच वेळ वहीकडे बघत बसला. दुसऱ्या खेपेला त्याने गेल्या गेल्याच विचारले, "म्हशीचं काय झालं?" म्हातारा उठून बसला. म्हैस, रेडकू, भातात शिरणारे गवे, मुंबईला गेलेला आणि फोन न करणारा मुलगा, सगळे बाहेर आले. त्या दिवशीच्या वहीत मुलाच्या तीनच ओळी होत्या.

ही वही लिहिण्याची पद्धत माझी नव्हे. 1925 साली अमेरिकेत अँटन बॉइसन नावाच्या पाळकांनी सेमिनरीचे विद्यार्थी वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात शिकायला नेले. ते स्वतः मनोरुग्ण म्हणून रुग्णालयात राहिलेले होते, म्हणून खाटेवरच्या माणसाला काय हवे असते ते त्यांना ठाऊक होते. त्यातून रुग्णालयात पाळक घडवण्याचे शिक्षण उभे राहिले. रुग्णाशी झालेले बोलणे शब्द न् शब्द लिहायचे आणि मग शिक्षकाबरोबर बसून ते तपासायचे, हा त्याचा मोठा भाग. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात असे शिक्षण मिळते. बेळगाव आणि मिरज मिळून केवढी रुग्णालये आहेत! इथे ते का होऊ नये?

त्याच मिझो मुलाने मला एक गोष्ट शिकवली. त्यांच्याकडे कोणी गेले की वस्तीतली तरुण मुलेच कबर खणतात आणि पुढे संध्याकाळी दुःखाच्या घरी जाऊन बसतात, गातात. हे ऐकून मला माझे रिकामे घर आठवले. तेव्हा शिकायचे ते फक्त येणाऱ्यानेच असे मी म्हणत नाही.

निपाणीला माझी मावसबहीण आहे, तिच्या गल्लीत घरोघरी विड्या वळतात. तिथे एका मुलाला चार दिवस ठेवले. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "चला, सगळ्यांनी हात जोडू या." बायकांनी मांडीवरची सुपे खाली ठेवली. मजुरी हजार विड्यांवर ठरलेली, दहा मिनिटे हात थांबले की तेवढी मजुरी बुडाली. बहिणीने त्याला बाजूला घेऊन हे समजावले. दुसऱ्या दिवसापासून तो पाने कातरायला बसला, गायन म्हणू लागला, आणि बायका विड्या वळत वळत साथ देऊ लागल्या. कातरलेली पाने निम्मी वाया गेली, ती बहिणीने निमूट सोसली.

पवित्र शास्त्रात प्रेषितांच्या कृत्यांत सहावा अध्याय आहे. यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली, की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. भाषेवरून झालेले भांडण, आणि तेही जेवणाच्या पंगतीवरून! आपल्या भागात हे कोणाला समजावून सांगायला नको. तेव्हा त्या मंडळीने सात जण निवडले, आणि सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, त्यांच्या भाषेतल्या माणसांच्या हाती वाटप दिले. हा अध्याय आमच्याकडे वाचला जातो तो सेवकांच्या निवडीसाठी. सीमाभागात येणाऱ्या विद्यार्थ्याने तो भाषेसाठी वाचावा.

आणि हे नवे नाही. बंगालमधल्या ज्या सेरामपूरच्या सिनेटची धर्मशास्त्राची पदवी यातले अनेक विद्यार्थी घेतात, त्या सेरामपूरच्या विल्यम केरी या मिशनरींनी वैजनाथ पंडितांकडून मराठी शिकून घेतली आणि 1805 साली मराठीचे व्याकरण छापले. 1820 साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर बळ्ळारीच्या कन्नड मुलखातून बेळगावला आले, तेव्हा त्यांच्यासमोर मराठी आणि कन्नड दोन्ही दारे होती. आजही तीच दोन दारे आहेत, कित्येकदा एकाच घराला.

म्हणून माझी सेमिनऱ्यांच्या प्राचार्यांना आणि आमच्या वडीलधाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. सुट्टीतले सहा-आठ आठवडे पुरत नाहीत. पाळकपदाच्या दीक्षाविधीच्या आधी एक पूर्ण वर्ष या मुलांना इथे घरांत राहू द्या. पहिले सहा महिने त्यांना प्रवचन करू देऊ नका. मराठी आणि कन्नड, दोन्ही कानावर पडू द्या, भाकरी थापलेली बघू द्या, लग्नात वाढू द्या, मयताला खांदा देऊ द्या. त्या वर्षाला गुण द्या, नाहीतर मुले ते वर्ष कसेबसे ढकलतील.

एक नाजूक गोष्टही लिहिते. डिसेंबर 2021 मध्ये इथल्याच सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केले. त्यावर कोणाचे काय मत असेल ते असो, पण तेव्हापासून अनोळखी मुलगा बायबल घेऊन गल्लीत दिसला की लोक थांबवून विचारतात. विचारावे. मुलाला त्याचे सरळ उत्तर इथल्या भाषेत देता आले पाहिजे: मी अमक्याच्या घरी राहतो, अमक्या मंडळीत शिकतो, आमच्याच लोकांना भेटायला आलो आहे. निम्मी भीती तिथेच जाते. मी दर वर्षी मूल आले की आधी शेजारच्या वहिनींकडे चहाला नेते.

आता वाचकांकडे काय मागते ते. बेळगाव, खानापूर, निपाणीत मराठी आणि कन्नड शाळांतून निवृत्त झालेले कितीतरी गुरुजी आणि बाई आहेत. आठवड्यातून दोन तास या मुलांशी नुसते बोलायला बसाल का? पुस्तक लागत नाही. बाजारात न्या, भाजीचे भाव विचारायला लावा, चुकले की तिथेच सांगा. तुम्ही कोणत्या धर्माचे हे मी विचारणार नाही, आणि मुलांनीही तुमच्या घरी शिकणाऱ्यासारखेच वागायचे, ही माझी अट आहे. ज्यांना जमेल त्यांनी संपादकांच्या कार्यालयात निरोप ठेवावा, माझा पत्ता तिथे दिला आहे.

माझ्या घराची वरची खोली रिकामी आहे. दोन खाटा आणि एक टेबल आहे. वहीचे लाल पेनने तपासलेले तीनही वर्षांचे कागद मी जपून ठेवले आहेत, नवीन येणाऱ्याला ते वाचायला देईन.

आपली,
एक निवृत्त स्टाफ नर्स
कॅम्प, बेळगाव
(कृपया नाव छापू नये.)