तक्त्याच्या शीर्षकाविषयी मित्रास पत्र

महाल, नागपूर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

वेबपानावरच्या तक्त्याची पहिली ओळ नुसती ठळक केली तर शीर्षक म्हणून पुरे का, हा तुझा प्रश्न वाचला आणि गेल्या हंगामातला माझा तक्ता आठवला. कळमना बाजारातील संत्र्यांच्या भावांचा तो तक्ता मी जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेने भरत असे आणि तुझ्यासारखीच पहिली ओळ ठळक करून तिलाच शीर्षक मानत असे. भावानुसार क्रम लावण्याची सोय केली, तेव्हा ‘तारीख, बहार, आवक, भाव’ ही ओळ आकड्यांच्या मधोमध जाऊन बसली. छापील प्रतीत दुसऱ्या पानापासून रकान्यांची नावेच नव्हती. खरे वाईट वाटले ते माझ्या मामांसाठी. त्यांची दृष्टी गेली आहे. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, त्यांना नुसते आकडे ऐकवी, आणि त्यातला आवकेचा कोणता व भावाचा कोणता, हे त्यांना दर वेळी मला विचारावे लागे.

म्हणून तू शीर्षकासाठी टीहेड हा तक्त्यातील शीर्ष-ओळींचा स्वतंत्र विभागच कर. त्यासाठीची क्रिएटटीहेड ही मेथड (तयार आज्ञा) १९९८ च्या डॉम लेव्हल १ पासून आहे; डॉम म्हणजे पानातील घटक स्क्रिप्टने हाताळण्याचे मानक. टीहेड आधीच असेल तर ती तोच हाती देते. नसेल तर नवा करून कॅप्शन (तक्त्याचे नाव) आणि कोलग्रुप (रकान्यांचे गट) यांच्या मागोमाग बसवते. त्यामुळे स्क्रिप्ट दोनदा चालली तरी विभाग एकच राहतो, परंतु त्यातल्या ओळी दुप्पट होतात. म्हणून आधी तो रिकामा करून घे.

टीहेडवर इन्सर्टरो वापरून ओळ घाल. इन्सर्टसेल मात्र तिथे वापरू नकोस, कारण ती नेहमी साधा टीडी, म्हणजे माहितीचा कप्पाच देते. क्रिएटएलिमेंटने टीएच, म्हणजे शीर्षकाचा कप्पा तयार कर, तो रकान्याचे शीर्षक आहे हे कळावे म्हणून त्याचा स्कोप ‘कोल’ ठेव आणि मग तो ओळीला जोड.

ज्या चुकीत माझे दोन दिवस गेले, ती अशी. शीर्षक तयार झाल्यावर मी थेट तक्त्यावरच इन्सर्टरो चालवत राहिलो. जागा सांगितली नाही तर ही मेथड नवी ओळ शेवटच्या ओळीच्याच विभागात घालते, आणि तेव्हा तक्त्यात टीहेडखेरीज दुसरा विभागच नसल्यामुळे सगळे भाव शीर्षकात जमा झाले. पडद्यावर तक्ता ठीक दिसत होता, म्हणून ते लक्षातही येईना. तू क्रिएटटीबॉडीने टीबॉडी हा माहितीचा विभाग करून घे, माहितीच्या ओळी त्यावरच घाल आणि क्रमही त्याच्यापुरताच लाव.

बदल झाले की फाईल पाठव. मामा ती ऐकून पाहायला तयार आहेत.

तुझा मित्र