मुक्कामी ड्यूटी

ग्लासगो,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी बाबा म्हणाले, "एवढं कर्ज काढून शिकवलं ते दुसऱ्यांची पोरं सांभाळायला?" आणि मी फोन ठेवून दिला. तसं करायला नको होतं, माफ करा. फोनवर मला नीट सांगताच येत नाही. आई मध्येच "जेवलीस का" विचारते आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून लिहायला बसले.

आई, तू काकूंना सांगितलंस की मनू अनाथाश्रमात काम करते. अनाथाश्रम नाही गं तो. आणि बाबांच्या मनात जे रिमांड होम आहे, तेही नाही. दादाने खोड्या काढल्या की घरात त्याच नावाची भीती घालायचे, त्यामुळे अशा ठिकाणची मुलं म्हणजे काहीतरी गुन्हा केलेली, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. इथली मुलं इथे आली ती घरी सुरक्षित नव्हती म्हणून. बहुतेकांचे आईवडील जिवंत आहेत. कुठे दारू आणि ड्रग्ज, कुठे मारहाण, कुठे आईच इतकी आजारी की तिलाच कुणीतरी सांभाळायला हवं. स्कॉटलंडमध्ये अशी साधारण १२,००० मुलं सरकारच्या जबाबदारीवर आहेत. त्यातली कितीतरी आजी-मावशीकडे नाहीतर दुसऱ्या कुटुंबात राहतात, आणि दहातलं एखादं आमच्यासारख्या घरात. साध्या गल्लीतलं घर आहे, दारावर पाटीसुद्धा नाही. पाच मुलं, प्रत्येकाची वेगळी खोली.

गेल्या वर्षी पोलीस चौकशीला घरी आले होते आणि आई घाबरली होती, आठवतं? ती चौकशी या कामासाठी लागणाऱ्या पोलिसांच्या दाखल्याचीच होती. इथली वेगळी तपासणी झाली ती निराळीच. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी लागते, मग तो एका रात्रीपुरता आलेला का असेना. यामागे कारण आहे. पूर्वीच्या काळी इथल्या मोठमोठ्या बालगृहांत मुलांवर भयंकर अत्याचार झाले. त्यांची चौकशी करणारा आयोग २०१५ पासून बसलाय आणि अजून साक्षी घेतोय. तेव्हा कुणी आत जाऊन पाहिलं नाही. म्हणून आता आमच्याकडे इतकं बारकाईने पाहतात, आणि मला ते योग्यच वाटतं.

बाबा, माझं काम दुसऱ्या कुणाला कळणार नाही, पण तुम्हाला कळेल. तुम्ही कंडक्टर म्हणून लागलात तेव्हा रोजंदारीवर होतात. पहाटे कराड डेपोत जाऊन बसायचं, कुणी गैरहजर असला तरच ड्यूटी. मीही तशीच आहे. इथे 'रिलीफ' म्हणतात. सकाळी सातला फोन येतो, कुणीतरी आजारी आहे, येतेस का? शिकत होते तोवर व्हिसामुळे आठवड्याला २० तासांच्या वर करता येत नव्हतं, आता ती अट नाही. आणि तुमची मुक्कामी गाडी असायची, तशी मलाही मुक्कामी ड्यूटी असते. रात्री अकरा ते सात त्याच घरात झोपायचं, कुणी उठलं तर आपण उठायचं.

मुलं उठतातच. एक मुलगा आहे (नावं, वय काही सांगणार नाही, तो नियम आहे आणि मला मान्य आहे), तो रात्री पाव घेऊन जातो आणि उशीखाली ठेवतो. पहिल्यांदा गादी उचलली आणि बुरशी आलेले चार-पाच तुकडे सापडले, तेव्हा मी ते उचलून फेकायला निघाले होते. बरोबरच्या जुन्या बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, तो उपाशी नाहीये, पण उद्या मिळेल याची त्याला खात्री नाही. त्याच्या पाठीमागे ते उचलून नेलंस तर त्याची भीती खरी ठरेल. मग त्याच्या खोलीत एक डबा ठेवला. बिस्किटं, केळं, चिप्स. रोज संध्याकाळी तो भरायचा आणि कधीच विचारायचं नाही किती खाल्लंस. दोन महिने तो डबा रोज रिकामा व्हायचा. परवा मी भरायला गेले तर अर्धा शिल्लक होता. आई, मी जिन्यात बसून रडले. मला आपल्या फडताळातला लाडवांचा डबा आठवला, जो कधी संपू शकतो असं दादाच्या किंवा माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

पण माझ्या हातून चूकही झाली, तीही सांगते. एक मुलगी माझ्यापाशी रमायला लागली होती. एका सकाळी निघताना मी तिला "उद्या भेटू" म्हणाले. रोस्टरवर माझं नाव होतं. दुसऱ्या दिवशी कायमचा माणूस रजेवरून परत आला, माझी शिफ्ट रद्द झाली. ती रात्री दहापर्यंत खिडकीशी बसून होती, हे मला नंतर कळलं. पुढचे तीन आठवडे ती माझं नाव घेईना. स्वयंपाकघरात आले की म्हणायची, "रिलीफ आली." तिच्या आयुष्यात मोठी माणसं अशीच उद्या येतो म्हणून गेलेली आहेत, त्यात माझी भर पडली. तेव्हापासून मी "उद्या" हा शब्द वापरत नाही. निघताना एवढंच सांगते, की आज तुझ्याबरोबर होते, मला बरं वाटलं.

इथे २०२० साली एक मोठा अहवाल आला. हजारो मुलांना आणि अशा घरांत वाढलेल्या माणसांना विचारून केलेला. नावच 'द प्रॉमिस'. त्यात सरकारी भाषेत सहसा न येणारा शब्द आहे, प्रेम. ही मुलं प्रेमात वाढली पाहिजेत, आणि सुरक्षित असेल तिथे भावंडांची ताटातूट करू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. भावंडांचं तर २०२१ पासून कायद्यातही आहे. तरीही आमच्या पाचांतल्या एकाची बहीण दुसऱ्या गावात आहे आणि महिन्यातून एकदा भेटते. ती जायला निघते तेव्हा मला दादा आणि मी आठवतो, आणि पुढे लिहवत नाही.

आता मुख्य गोष्ट. त्याच घरात एक कायमची जागा निघालीय आणि मी अर्ज केलाय. तुम्ही रागवाल हे धरून केलाय. ऑफिसातली नोकरी मिळाली असती, पगारही थोडा बरा असता, हे मला ठाऊक आहे. पण बाबा, पर्मनंट झाल्यावर तुम्हाला ठरलेला रूट मिळाला, आणि मग सकाळच्या गाडीची शाळेची पोरं तुम्हाला नावाने ओळखायला लागली. मला तेवढंच हवंय. महिनाभर आधी रोस्टर हातात आलं, की मी त्या पोरीला सांगू शकेन, मंगळवारी येणार, आणि मंगळवारी दारात उभी राहीन. कर्जाचा हप्ता चुकणार नाही, ती काळजी करू नका.

हो, त्या मुलीने परत बोलायला सुरुवात केलीय. कारण वेणी! शाळेत डिसेंबरमध्ये नाताळचा नाच असतो. मी तिची खजुरी वेणी घातली, तू शाळेत जाताना माझी घालायचीस तशी. तिला ती फार आवडली. आता पाच पेडांची हवीय, आणि मला दुसऱ्या पेडानंतर कुठलं वरून घ्यायचं ते आठवत नाही. आई, दादाच्या मुलीच्या केसांवर सावकाश घालून दाखव आणि बाबांना व्हिडिओ काढायला सांग. हात मध्ये येऊ देऊ नका. शनिवारी मला मुक्कामी ड्यूटी आहे, शुक्रवारपर्यंत पाठवा.

इथे आता चार वाजताच अंधार पडतो. बाबा, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
मनू