मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री साहेब, लायपोसोमल औषधं आपल्या नागपुरातच बनू द्या

नमस्कार साहेब,

डिसेंबरात अधिवेशनासाठी तुम्ही नागपूरला याल तेव्हा निवेदनांचा ढीग पडलेला असतो, म्हणून आधीच आणि सगळ्यांसमोर लिहून राहिलो. मी इथे फार्मसी शिकवतो.

2021 चा मे महिना आठवा. कोरोनातून उठलेले, त्यातही शुगरचे पेशंट, म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) घेऊन मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत येत होते आणि घरचे लोक अ‍ॅम्फोटेरिसिनची एक वायल मिळते का म्हणून दवा बाजारात दुकानं पालथी घालत होते. बुरशीवरचं हे औषध जुनंच आहे, पण साधं अ‍ॅम्फोटेरिसिन किडनीवर जातं, थंडी वाजून ताप येतो, त्यामुळे डोस किलोमागे 1 मिलिग्रॅमच्या आसपासच थांबवावा लागतो. तेच औषध 100 नॅनोमीटरपेक्षा लहान लिपिडच्या (चरबीच्या) कणांमध्ये, म्हणजे लायपोसोममध्ये, बसवलं की रक्तात मोकळं कमी फिरतं, किडनी बरीच वाचते आणि किलोमागे 5 मिलिग्रॅम देता येतं. आता हिशोब करा ना, 60 किलोच्या माणसाला रोज 300 मिलिग्रॅम, वायल 50 ची, म्हणजे एकाच पेशंटला दिवसाला 6 वायल, तेही कित्येक आठवडे. तुटवडा होणारच होता. जूनमध्ये जीएसटी शून्य केला, चांगलं केलं, पण जी वायल बाजारातच नाही तिच्यावरचा टॅक्स कमी करून पेशंटच्या हातात काय पडणार?

तेव्हा वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने अ‍ॅम्फोटेरिसिनचं इमल्शन इंजेक्शन बनवायला घेतलं. विदर्भात हे होऊ शकतं, हे तिथेच दिसलं. मुंबईच्या केईएममध्ये तर डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनवर कितीतरी आधी काम केलंय. लसीतही लिपिडचे असेच बारीक कण कामी येतात: पुण्याच्या जेनोव्हाची कोरोनावरची एमआरएनए लस साध्या फ्रिजच्या 2 ते 8 डिग्रीत राहते, फायझरची सुरुवातीला उणे 70 च्या आसपास ठेवावी लागायची. मे महिन्यात पारा 45 च्या वर जाणाऱ्या आपल्या भागात हा फरक फार मोठा आहे बाप्पा.

आमची पोरं प्रोजेक्टमध्ये लायपोसोम बनवतात, चांगले बनवतात, पण कणांची साइज मोजायला सँपल बाहेर पाठवा, रिपोर्टची वाट पाहा, तोवर कण एकमेकांना चिकटलेले असतात आणि मग त्या रिपोर्टला काही अर्थ उरत नाही. पुढचं तर अजून अवघड. हे कण उष्णतेने निर्जंतुक करायला गेलं तर बिघडतात, 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून स्वच्छ खोलीत भरावे लागतात, नंतर गोठवून कोरडे, म्हणजे फ्रीज ड्राय, करावे लागतात. हे कोणत्याही एका कॉलेजच्या बजेटमधलं काम नाही.

म्हणून मागणी एकच. नागपूर विद्यापीठाचा फार्मसी विभाग, मेडिकल, मेयो, एम्स आणि बुटीबोरीचे कारखानदार यांच्यासाठी एक सामायिक पायलट युनिट द्या, ज्यात साइज मोजायचं मशीन, स्टराइल फिलिंग आणि लायोफिलायझर (फ्रीज ड्राय करायचं मशीन) असेल, आणि ते चालवायला पगारी टेक्निशियन असतील. नुसतं मशीन घेऊन फीत कापू नका, टेक्निशियनशिवाय मशीन कापडाखाली झाकून पडतं, हे आम्ही पाहिलंय. आणि युनिट उभं होईस्तोवर मेडिकल आणि मेयोत लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनचा राखीव स्टॉक ठेवा, एक्सपायरीच्या आधी फिरवता येईल असा.

अधिवेशनात यावर लेखी उत्तर द्या. प्रस्तावाचा कच्चा आराखडा आम्ही तयार करून देतो.

आपला,
एक फार्मसी शिक्षक, नागपूर