थिएटरे गेली, आता त्यांचे कागदही रद्दीत? सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

आपण कामाच्या गराड्यात असता, म्हणून थेट विषयावर येतो. जिल्ह्यातल्या जुन्या थिएटरांच्या परवान्यांची माहिती मी माहितीच्या अधिकारात मागितली होती. त्याचे उत्तर या आठवड्यात हाती पडले: ‘सदर चित्रपटगृहांच्या संचिका निंदणीकरणात नष्ट करण्यात आल्याने माहिती निरंक.’ खाली सही आणि गोल शिक्का. निंदणीकरण म्हणजे जुन्या दप्तरातले नको ठरवलेले कागद वेगळे काढून नष्ट करणे.

याच संचिका मी गेल्या उन्हाळ्यात त्याच कार्यालयाच्या अभिलेख कक्षात बसून चाळल्या होत्या. “काका, काळजी करू नका, गठ्ठा बाजूला काढून ठेवतो, तुम्ही तेवढा रीतसर अर्ज करा,” असे तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले. मी रीतसर अर्ज केला आणि त्यांनी गठ्ठा रद्दीत घातला. साहेब, याला काय म्हणायचे?

काय गेले ते ऐका. एका संचिकेत मेणकापडी नकाशा होता. स्टॉल, बाल्कनी, बायकांसाठी वेगळा जिना, दोन रांगांमधले अंतर, सगळे शाईने आखलेले. मागे विद्युत निरीक्षकाचा शेरा: ऑपरेटरच्या खोलीची लोखंडी झडप नीट पडत नाही, वाळूच्या बादल्या रिकाम्या आहेत, दुरुस्तीशिवाय नूतनीकरण नाही. त्याखाली मालकाचे मोडीच्या वळणाच्या देवनागरीतले विनवणीपत्र, दिवाळीचा धंदा बुडेल म्हणून. ते थिएटर केव्हाच पाडले, मालकाचा वंश गाव सोडून गेला. त्या वास्तूची हकीकत सांगणारा तेवढाच कागद उरला होता.

सरकारने हे कागद हौसेने जमवले नव्हते. तेव्हाची नायट्रेटची फिल्म ठिणगीने पेटायची आणि पाण्यानेही विझायची नाही, म्हणून 1918 च्या कायद्याने थिएटरला परवाना सक्तीचा केला. 1923 पासून मुंबई इलाख्यात तिकिटावर करमणूक कर बसला. स्वातंत्र्यानंतर 1953 चा सिनेमा नियमन कायदा आला. म्हणजे प्रत्येक थिएटरची खुर्चीन्‌खुर्ची, दारन्‌दार आणि विकलेले तिकीट सरकारदरबारी नोंदले जात होते. मराठी माणूस कोणत्या वर्षी कुठे आणि किती आण्यांत सिनेमा बघत होता, याचा यापेक्षा चोख पुरावा दुसरा नाही. 2017 मध्ये जीएसटी आला, करमणूक कर गेला आणि या दप्तरांना वालीच उरला नाही.

मी निवृत्त बँक कर्मचारी आहे. पेन्शनमधून एसटीचे भाडे आणि झेरॉक्सचे पैसे भरून हे काम करतो. गुडघ्याचे ऑपरेशन झालेले असताना लिफ्ट नसलेल्या इमारतीचे मजले चढलो. अभिलेख कक्षातल्या धुळीने जो खोकला धरला तो पावसाळा संपला तरी सुटला नाही. डॉक्टरांनी तिथे जायला बंदी केली, घरच्यांनी बोलणे टाकले. या टेबलावरून त्या टेबलावर जाताना “आजोबा, थिएटर पाडलं ना, मग त्याचे कागद कशाला हवेत?” हे ऐकून घेतले. एका म्हाताऱ्या डोअरकीपरला मी शब्द दिला होता की तुमच्या थिएटरच्या नोकरपटाची प्रत आणून दाखवतो. त्यात त्यांचे नाव होते, मी पाहिले होते. ते दिवाळीआधी गेले. आता तो नोकरपटही गेला. हे मला रात्री झोपू देत नाही, आणि ज्यांनी गठ्ठा ओढून टेम्पोत टाकला त्यांना त्याचे काही वाटलेले नाही.

आपल्या राज्यात दादासाहेब फाळक्यांच्या नावाने चित्रनगरी आहे. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावात ज्या कॉरोनेशनमध्ये लागला, ते थिएटर कुठे आहे? 14 मार्च 1931 ला ‘आलम आरा’ दाखवणारे मॅजेस्टिक? पुण्यात 1915 साली गंगाधर पाठकांनी मंडईजवळ आर्यन उभे केले. ते 1983 मध्ये बंद पडले, आज तिथे गाड्या लावतात. आणि ही मुंबई-पुण्याची नावाजलेली थिएटरे, म्हणून त्यांच्याबद्दल कुणी ना कुणी लिहून तरी ठेवले. तालुक्याच्या टॉकीजचे काय? धंद्यातले लोक सांगतात, राज्यात एकेकाळी हजारावर थिएटरे होती आणि आता निम्मीही चालू नाहीत. सरकारची स्वतःची यादी असेल तर ती प्रसिद्ध करा.

1927 साली इंग्रज सरकारने देशातल्या सिनेमाच्या चौकशीसाठी रंगाचारियार समिती नेमली. समितीने देशभर फिरून थिएटरवाल्यांच्या साक्षी घेतल्या, दादासाहेबांचीही घेतली, आणि शब्दन्‌शब्द छापला. आज अभ्यासक त्याच खंडांवर काम करतात. परक्या सरकारने आपले कर्तव्य म्हणून जे जपले, ते आपले सरकार किलोच्या भावाने विकते. हे एकट्या थिएटरांचे नाही. गिरण्यांच्या हजेरीपटांचे, शाळांच्या दाखल्यांचे, दुष्काळी कामांच्या मस्टरचे हेच चालले आहे. सामान्य माणसाचे नाव ज्या कागदावर आहे, तो कागद या व्यवस्थेला अडगळ वाटतो. जमिनीचा कागद मात्र बरोबर सापडतो, कारण त्यात कुणाचा तरी पैसा अडकलेला असतो.

राज्यात 2005 चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. पुराभिलेख संचालनालय आपल्याच खात्यात येते. नष्ट करण्याआधी या संचिका संचालनालयाला दाखवल्या होत्या का? दाखवल्या असतील तर कुणी काय शेरा मारला, त्याची प्रत मला द्या. नसतील तर जबाबदारी निश्चित करा. आणि चित्रपटगृह परवान्यांच्या उरलेल्या सर्व संचिका ‘अ’ वर्गात, म्हणजे कायम जतन करायच्या म्हणून, घालण्याचा आदेश सर्व जिल्ह्यांना आजच पाठवा. शेजारच्या जिल्ह्यातही निंदणीकरण सुरू होणार असल्याचे तिथल्याच एका कर्मचाऱ्याने मला सांगितले आहे. तिथे अजून मूकपटांच्या काळातले परवाने शिल्लक आहेत.

प्रथम अपील मी दाखल केले आहे. तिथे न्याय मिळाला नाही तर माहिती आयोगाकडे जाईन. पण आयोगाची तारीख लागेपर्यंत शेजारचा टेम्पोही भरलेला असेल, म्हणून हे पत्र आपल्याला.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी