पिंपळगाव रोडवर थांबलेल्या त्या दादांचे आभार

आभाळ भरून आलेलं आणि द्राक्षबागेत डाऊनीचा (केवडा रोगाचा) स्प्रे अर्धा राहिलेला. आमच्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरचा सेल (स्टार्टर) जोरात फिरत होता, पण इंजिन उचलत नव्हतं.

मोटारसायकलवरून जाणारे एक दादा आपणहून थांबले. "धूरच नाही म्हणजे डिझेल पोचत नाही. आता सेल मारू नका, बॅटरी उतरेल." डिझेल फिल्टरवरचा, अडकलेली हवा काढायचा स्क्रू ढिला करून ते डिझेलचा हातपंप दाबत राहिले. आधी नुसता फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. हवा कुठून शिरते तेही शोधलं: पाइपच्या बोल्टखालचा तांब्याचा वायसर दबला होता. आपल्या पिशवीतला नवा बसवला, पैसे घेतले नाहीत. शेवटी पाना माझ्या मुलाच्या हाती देऊन स्क्रू त्याच्याकडून आवळून घेतला, म्हणजे पुढच्या वेळी त्याला जमेल.

पावसाआधी स्प्रे पुरा झाला. दादा, तुमचं नाव कळलं नाही. घरच्या सगळ्यांकडून मनापासून आभार. कधीही बागेत या.