तेलाक हीव भरला

वेंगुर्ले,
१४ डिसेंबर

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू "ठेवतो" म्हणालास आणि ठेवलासही. माझं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं, ते आता लिहिते. भांडायला नाही.

तुझा रिपोर्ट बाबांनी तीनदा वाचला. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ३८०. दीडशेच्या आत हवं. आणि तू म्हणतोस, "हे तुझ्या वाटपातलं खोबरं, आई."

आज पहाटे न्हाणीतली खोबरेलाची बाटली गोठलेली दिसली. तू दुसरीत असशील, अशीच बाटली उपडी धरून उभा होतास आणि थेंब पडेना. आजी चुलीपाशीच. "तेलाक हीव भरला, वतात ठेव." तू बाबांच्या मफलरीत गुंडाळून ती उन्हात पायरीवर निजवलीस आणि शाळेत जाताना बुचाला हात लावून ताप बघितलास. निवृत्त होईपर्यंत दर वर्षी वर्गात सांगितलं मी हे, नाव न घेता.

संध्याकाळी तू विचारलंस, शेंगदाण्याच्या तेलाला हीव का नाही भरत? तेव्हा मी पडवीतलं तीन खुंट्यांचं खुंटाळं दाखवलं. तेलाचा कण असाच. खुंटाळं म्हणजे ग्लिसरॉल, तीन कार्बनांचं. प्रत्येक खुंटीला एकेक मेदाम्ल, म्हणजे कार्बनांची साखळी, टांगलेलं. खोबरेलातली बहुतेक मेदाम्लं सरळसोट, जवळजवळ निम्मं तर एकटं लॉरिक, बारा कार्बनांचं. सरळ काठ्यांची मोळी घट्ट बसते, म्हणून पारा २४ अंशांखाली गेला की तेल थिजतं. शेंगदाण्यातल्या ओलिक आम्लाला मधोमध एक दुहेरी बंध, तिथे ते वाकतं. वाकड्या काठ्यांची मोळी कशी बांधणार? बांगड्यातल्या एका मेदाम्लाला तर २२ कार्बनांत सहा दुहेरी बंध. हवा त्या बंधांनाच आधी धरते, म्हणून माशाचं तेल लगेच खवट होतं.

बघ, लागले शिकवायला. सवय जात नाही.

पण तू दोष भलत्याच खुंटीला टांगतो आहेस, म्हणून सांगते. खोबऱ्यातली ही सरळसोट, म्हणजे संपृक्त चरबी कोलेस्टेरॉल वाढवते, हे मला कबूल. पण कोलेस्टेरॉलला खुंटाळंच नसतं. २७ कार्बन, त्यातली चार वलयं एकमेकांना जोडलेली, वेगळंच प्रकरण ते. माझं वाटप नडलं असतं तर आधी त्या ओळीत दिसलं असतं, आणि तुझी ती ओळ ठीक आहे. ट्रायग्लिसराइड म्हणजे बाटलीतलंच खुंटाळं, फक्त तुझ्या यकृताने बांधलेलं. जास्तीची साखर, मैदा, कोल्ड्रिंक आलं की ते दोन-दोन कार्बनांचे तुकडे जोडत सोळापर्यंत नेतं. म्हणून हे आकडे बहुधा सम असतात, १२, १६, १८. आणखी एका गोष्टीने यकृत हेच काम जोरात करायला लागतं. कुठल्या, ते तुला माहीत आहे.

रात्री किती वाजता जेवतोस? कोणाबरोबर?

नको सांगूस. विचारणार नव्हते. तू घराचा हप्ता भरतोस, बाबांच्या मोतीबिंदूचं सगळं एकट्याने निस्तरलंस. सावंतांच्या लग्नात मी हे चौघींना सांगितलं, बाबा डोळे वटारत होते तरी.

पण भाऊकाका. त्यांचं रक्त काढलं तेव्हा मी शेजारी उभी होते. नळी स्टँडवर ठेवलेली. थोड्या वेळाने लाल खाली बसलं आणि वरचं पाणी, जे पिवळसर निवळ दिसायला हवं, ते दुधासारखं पांढरं. मी बी.एस्सी. झालेली बाई. मी बाबांना काय म्हटलं असेल? नळी नीट धुतली नसेल. पोटातली ती कळ स्वादुपिंडाची होती हे नंतर कळलं. बेचाळीस वर्षांचे होते ते.

तुझे ३८० म्हणजे ते दूध नाही, एवढं मला समजतं. बाबांनाही तेच सांगितलं. पण बारा तास उपाशी राहून पुन्हा तपासणी कर, आणि त्या आधीचे चार दिवस रात्री... तू लहान आहेस का आता. जाऊ दे, चुकलं माझं. पण कर. तपासणीच्या आदल्या रात्री तू कुठे होतास, असं बाबांनी विचारलं. मी म्हटलं, ऑफिसात.

पार्सलमध्ये सोलं आहेत, तिरफळं आहेत. आगळाची, कोकमाच्या रसाची, बाटली पार्सलवाल्याने घेतली नाही, फुटेल म्हणाला. कागदात मुठेल, कोकमाचं थिजलेलं तेल, आहे, टाचांना लाव. हात आधी चोळून गरम कर, नाहीतर ते दगडासारखंच राहील. मागच्या वेळी तू टाकून दिलंस, ते मी पाहिलं होतं.

तुझी
आई

ता. क. फोन दहाच्या आत कर. त्यानंतर तुझा आवाज मला ओळखू येत नाही.